अंड्यांच्या गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर

प्रिय मामा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मामीला वाचायला देऊ नकोस, ती मधली वाक्यं गाळते. स्वतःचा चष्मा शोध आणि नीट बसून वाच. इकडे सगळं ठीक आहे. उबवणीघराचं छप्पर रंगवून झालं, मशीनची घरघर होती तशीच आहे, आणि तुझे जावईबापू, म्हणजे आमचे हे, अजूनही प्रत्येक वस्तूसाठी सगळा बाजार पालथा घालून सर्वांत स्वस्त तीच उचलून आणतात.

तू शेतावरून अंडी आणायच्या गाडीची किल्ली खिळ्याला अडकवून गेलास तेव्हा आपल्याकडच्या निम्म्या अंड्यांतूनसुद्धा पिल्लं निघत नव्हती. आधी आपण मशीनवर संशय घेतला, थर्मामीटर बदलला. मग शेतावरच्या कोंबड्यावर आळ आला, बिचाऱ्याची बदली झाली. शेवटी तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. हात थरथरतात, खड्डा दिसेपर्यंत चाक आत गेलेलं असतं, माझ्या हातून काही जिवंत पोचत नाही, असं म्हणालास आणि निघालास. आम्ही दारात उभे राहिलो, पण तू हट्टाला पेटलास की तुला अडवणार कोण?

मग पगारी ड्रायव्हर ठेवला. चांगला होता, रस्त्यात बैलगाडीनेही मागे टाकावं इतका सावकाश चालवायचा. तरी अंडी तशीच. आतली हवेची पोकळी हादऱ्यांनी जागची सुटलेली, दिव्यासमोर अंडं कलतं केलं की ती इकडून तिकडे पळायची. तेव्हा माझी ट्यूब पेटली, की दोन माणसांचे हात एकदम कसे बिघडतील? मी जावईबापूंना मांडीवर पाण्याचं पातेलं देऊन मागे ट्रेंजवळ बसवलं. उतरले ते ओल्या पँटीनिशी, एका हातात रिकामं पातेलं आणि दुसरा कमरेवर. तसेच गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने मागचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी डुलतच राहिली. शॉकअॅब्सॉर्बर गेले होते, आणि गंमत म्हणजे ते जुने नव्हतेच. जावईबापूंनीच मध्यंतरी बदलून घेतले होते. काळी नळी ती काळी नळी, त्यात काय बघायचं, असं म्हणून स्वस्तातले आणलेले. त्यातलं तेल कधीच गळून गेलं होतं.

एवढं होऊनही दुकानात गेल्यावर स्वारी परत स्वस्ताच्या खोक्याकडे वळली. गाडी जुनी झाली, तिला कशाला एवढे थाट, हे पालुपद सुरू. मी म्हटलं, गाडी जुनी आहे, अंडी रोज नवी असतात. दुकानदार हसला आणि त्याने चांगल्यातला एक माझ्या हातात दिला. मामा, केवढा जड! मी दोन्ही हातांनी दांडा आत दाबला, तर तो घाई न करता आत गेला आणि तितक्याच शांतपणे वर आला. मी पुन्हा पुन्हा दाबत बसले. रस्त्याचा सगळा मार ही नळी पोटात घ्यायची आणि वर बसलेल्याला पत्ता लागू द्यायची नाही! इतकी वर्षं गाडीत बसले, पण आपल्या खाली कोण काय सोसतंय हे कधी मनातही आलं नव्हतं. खिशाला चटका बसला, पण चारही चांगलेच घेतले, टोकांच्या रबरी बुशांसकट. परत येताना पातेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं, सांडलं नाही. जावईबापू सगळ्या वाटेत त्या पाण्याकडेच बघत होते.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेची अंडी आम्ही मशीनमध्ये लावली आणि काही दिवसांनी खोलीत अंधार करून दिव्यावर धरली. एकेका अंड्यात बारीक लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, उडणारा! आयुष्य ह्या धंद्यात गेलं, तरी ते अंडं माझ्याने खाली ठेववेना. पुढे फुटायच्या आदल्या दिवशी तर सगळं कवच अखंड असताना आतून चिवचिव ऐकू यायला लागली. जावईबापू मशीनच्या दाराला कान लावून उभे होते. मी चहा घ्यायला बोलावलं तर हातानेच गप्प बस म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये हात ठेवायला जागा नव्हती, एवढी पिल्लं. ह्या इवल्याशा जिवांनी तो सगळा खडबडीत रस्ता पार केला, याचं मला अजून नवल वाटतंय. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही, मामा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मला दिवस गेलेत. आईला आणि ह्यांना सोडून अजून कोणाला सांगितलेलं नाही. मागच्या वेळी शेजाऱ्यांच्या गाडीतून तूच मला दवाखान्यात नेलं होतंस. आपण घरून निघायच्या आधीच सगळं संपलेलं होतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. तू मान हलवलीस, पण मानलं नाहीस, आणि तेव्हापासून माझ्या डोळ्यांत बघून बोललेला नाहीस. अंड्यांचं निमित्त झालं, मामा. तू कशासाठी गेलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. येत्या सोमवारी मला तपासायला बोलावलंय. जावईबापू न्यायला तयार आहेत, पण मी नको म्हटलं. मला फार भीती वाटते, आणि भीती वाटते तेव्हा गाडी चालवायला मला तूच लागतोस. काय व्हायचं ते होईल, तुझ्यामुळे होणार नाही. सोमवारी सकाळी ये. तू येईपर्यंत मी गाडीत बसणार नाही.

तुझी वाट बघणारी,
तुझीच हट्टी भाची