आसावरी आणि इबेरियन

३ नोव्हेंबर २०२४, रियाध
आसावरीला आज घरी आणले. हातपाय शाबूत; स्ट्रोकने मेंदूतील भाषेचा प्रांत तेवढा उद्ध्वस्त केला. बोलते अस्खलित! एकही शब्द कोणत्याही ज्ञात भाषेतला नाही. "माघेल तरसू, नव्हेरी का?" असे तिने दारातच विचारले. बँकेच्या जोखीम-विभागाचा अधिपती असलेला मी, तिचा नवरा, म्हणालो, "हो."
डॉक्टर म्हणाले, तुमचे बोलणेही तिला असेच निरर्थक वाटत असेल. ऐकून घेतले. पचले नाही.

५ नोव्हेंबर
इबेरियनांचा आजन्म व्यासंग केला, त्याचे हे पारितोषिक! प्राचीन स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे लोक. शिशाच्या पत्र्यांवरचे त्यांचे लेख आपण घडाघडा वाचतो. अर्थबोध जवळजवळ शून्य. उच्चार हस्तगत, आशय परागंदा. आसावरी चिडवायची — "अहो पंडित, मेलेल्यांची बोली कसली शोधता? जिवंत बायको कधीची हाका मारत्येय!"
आज ती दिवसभर हाका मारते आहे.

८ नोव्हेंबर
भाषा कळेना की विद्वान शेजाऱ्यांची दारे ठोठावतात. इबेरियनांना शेजारी उदंड. फिनिशियनांनी व्यापार आणला, बहुधा अक्षरांचे मूळही. ग्रीक वखारी थाटून बसले. केल्ट आधी लढले, मग सोयरिकी जुळवल्या, असे जुने ग्रंथकार सांगतात. त्या मिश्र वंशाने इबेरियन अक्षरांत आपली केल्टिक बोली लिहिली. ती बरीचशी उलगडते. इबेरियन मात्र नाही. एवढा शेजार, आणि दुभाषा कोणी नाही! पुढे रोमन आले. खलास.
आमच्या शेजारी जोहरावहिनी — वरच्या मजल्यावरच्या, मूळ रत्नागिरीच्या. तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या. आसावरी त्यांच्याशी मनसोक्त बोलली.
"काय म्हणाली?" मी आशाळभूत.
"कळला नाय, भावजी. पण माणूस बोलतंय तर हूं म्हणायला काय जातंय?"
मी हूं म्हणत नाही. मी दुरुस्ती करतो. "पेला! पे-ला!"

११ नोव्हेंबर
भिंतीवर चित्रे डकवली — पाणी, ताट, औषध, मी. माझ्या छायाचित्रापाशी ती थबकली आणि रडली. आर्जवाने काहीतरी विचारत राहिली. मी तारस्वरात, "पाणी हवंय? पाणी?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१२ नोव्हेंबर
नैराश्याला मराठीत भारदस्त प्रतिशब्द पुष्कळ. एकही पुरला नाही.

१४ नोव्हेंबर
चित्रे काढून टाकली. इबेरियनांची भाषा नक्की कोणत्या दिवशी मेली, हे इतिहासाला ठाऊक नाही. घरात शेवटचे दोघे असतील. त्यांतला एक गेला असेल. आमच्यात तर कोणी गेलेलेही नाही!

१५ नोव्हेंबर
सकाळी तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवले. मुठीत मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या. दृष्ट काढायची होती. वाटले, मूठ माझ्या हाती देईल. मी तिच्यावरून ओवाळावी. तिने ती माझ्यावरूनच उतरवली, ओठांत पुटपुटत, डोळे पुसत.
म्हणजे तिच्या लेखी या घरात निरर्थक बडबडणारा रुग्ण मी आहे. आणि इतके दिवस ती एकटी मला सांभाळते आहे.