बाळाच्या गोधडीतली सुई

ताई,

मी दवाखान्यात जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय, माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझ्या नातवाची गोधडी मशीनवर अर्धी उसवलेली दिसेल. सकाळी टाके घालायची सुई मिळेना. ती आत शिवली गेली असेल आणि बाळाला टोचेल, या धास्तीने मी ती उसवायला घेतली. लोहचुंबक फिरवलं, थर न् थर चाचपला. गोधडीत सुई नाही, खात्री केली आहे. उसवलेली बाजू मात्र आता तूच शिव.

पडद्यांची फक्त खालची पट्टी दुमडायची राहिली आहे. फ्रॉकच्या दोन्ही बाह्या मी डाव्या हाताच्याच कापून बसले, आणि कापड उरलेलं नाही. त्या बाईंना सांग, दुसरीकडे बघा म्हणावं. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं तू परवा चिडवलंस, तेव्हा मी हसले होते.

काचेने कापलेल्या हातात जाणीव परत येतेय, असं मी तुला रोज सांगत होते. येत नाहीये, ताई. ऑपरेशन झाल्यापासून अंगठा एकदाही माझा वाटला नाही. तुझा चेहरा बघून खरं सांगवेना.

सुई अंगठ्यातच होती. हाताची पट्टी बदलायला सोडली तेव्हा दिसली, अर्ध्याहून जास्त आत गेलेली. तिच्यासकट मी स्वयंपाक केला, वेणी घातली. ओढून काढलेली नाही, डॉक्टरांना दाखवायला तशीच घेऊन जाते आहे.

घाबरू नकोस, अजिबात दुखत नाहीये.