उघाडीत बसलेलं दार

ता. १२ जाने. १९५५, बुधवार
दारू प्यालेला म्हणे. माझा नामदेव. मिठागराचा मुकादम गावभर हेच सांगत फिरतोय. पलटणीतून रजेवर आलेला पोरगा भर दुपारी पिऊन खाडीत पडला नि पाय मोडून घेतला. आणि पाणी कुणी सोडलं? शनिवारी पुनवेच्या भरतीला बांधातल्या उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या तोंडाची, फळी वर ओढून हा मुकादमबाबा कल्याणला बाजाराला गेला. जास्तीचं पाणी हवं होतं. मजुरांच्या झोपड्यांत छातीइतकं पाणी. नाम्याने बायापोरं पाठीवरून बांधावर आणली. फळी खाली येईना. धावत घरी आला, आमचं दार उचकटलं. मी ओरडले, अरे दार कुठं नेतोस. "आणतो परत." उघाडीच्या तोंडाला लावलं, पाण्यानेच दाबून बसवलं. पाय मधे सापडला.
घराला आता गोणपाट.

ता. १४, संक्रांत
रजा मंगळवारीच संपली. नौपाड्याच्या डॉक्टरने पाय मोडला एवढंच लिहून दिलं. कसा मोडला ते नाही. "मी पाहिलं नाही, मिठागरावरून लिहून आणा." तो कागद नाही तर पलटणीत मुकादमाचीच गोष्ट पोचायची. नाम्या म्हणतो जाऊ दे आई. का जाऊ दे.

ता. १७
मुकादम आला. गोड गोड. "वहिनी, नवं दार देतो, सागवानी. जुनं तेवढं काढून घेतो."
म्हटलं, कागद?
"मालक मला काढून टाकेल हो."
म्हणजे खरं काय ते ठाऊक आहे याला. चहा विचारला नाही. तिळगूळ तर नाहीच.

ता. २०, गुरुवार
आज चार मजूर घेऊन दार काढायला गेला. मी पण गेले, बांधावर बसले. चौघांचीही पोरं नाम्याच्याच पाठीवरून आलेली. पहारी हातात, पण दाराला लावीनात. धोंडू म्हणाला, "मुकादम, आधी काकीला कागद द्या." बाकीचे खाली बघत राहिले. हलले मात्र नाहीत.
मुकादम म्हणतो, "बाई, दार निघालं नाही नि अमावास्येचं पाणी चुकलं तर पंधरा दिवस मिठाचं काम बंद."
म्हटलं, ठाऊक आहे. म्हणून तर बसलेय. अमावास्या रविवारी. कागद शनिवारी दुपारच्या आत, तुमच्या सहीचा. फळी कुणी उघडी टाकली, दार कुणी लावलं, दोन्ही लिहायचं. मला वाचता येतं.
मुकादम मजुरांना तिथंच सोडून निघून गेला.
दार तिथंच आहे. कागद देणार की नाही, शनिवारी दुपारपर्यंत सांग म्हणावं.