भीतीचा आकडा तीन

शुक्रवार, १४ तारीख
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. तो शिरस्त्यापुरता समज. मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे तुला अंदाज बांधत बसायला नको. अंदाज बांधायची तुला फार सवय आहे.

आम्ही ठीक. नवरोबा ठीक. दुकानात कामाचा ढीग पडलाय. सगळ्यांनी एकदमच वजन उतरवायचं ठरवलंय की काय कोण जाणे, जो तो कमरेत आत घ्यायला कपडे घेऊन येतोय. माझंही उतरलंय, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. घसा दुखतो, गिळवत नाही. आवाज सकाळी बरा असतो, दुपारनंतर गंजलेल्या बिजागरीसारखा होतो. रेडिएशनचं म्हणशील तर रोज सकाळी वेळेवर घरातून निघते आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येते. नवरोबा दारातच विचारतो, "झालं?" मी मान हलवते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर काय होतं ते तुलाही माहीत आहे. तू म्हणतेस, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी." की लगेच तू म्हणतेस, "तसं नको. भीती किती वाटतेय? एक ते दहा सांग." आणि माझ्या तोंडून आपोआप "तीन" निघतं. मग तू "छान, छान" म्हणतेस, पलीकडे काहीतरी लिहून घेतल्यासारखी गप्प होतेस आणि झोपेकडे वळतेस. झोप किती, एक ते दहा. भूक किती, एक ते दहा. ताई, मी तुझी बहीण आहे का थर्मामीटर?

आणि त्यात तुझा लेख आला. छापून आला याचा मला आनंदच झाला, खरंच. नवरोबाने त्याची छापील प्रत काढून आणली आणि चहा घेता घेता मोठ्याने वाचली, "कर्करोगाचे उपचार आणि चिंताविकार." "विकार" म्हणताना माझ्याकडे असं काही बघत होता, जणू मी तो कुठल्यातरी डब्यात लपवून ठेवलाय. आता ती प्रत दुकानात गल्ल्याशेजारी आहे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, "आमच्या मेहुणीबाईंचं संशोधन." लोक बिचारे कमरेचं माप द्यायला आलेले असतात. ते मान डोलावतात आणि मग माझ्याकडे बघतात.

तू तो मोबाइलवर पाठवताना लिहिलं होतंस, "वाच, तुला उपयोग होईल." वाचला मी. दोनदा वाचला. तक्ते सोडले, बाकी सगळा. फार चांगला आहे. मला त्याचा इतका राग येतो, त्याचं कारणही हेच की तो चांगला आहे. तू लिहिलंयस की ज्या पेशंटची भीती कुणाच्या लक्षात येत नाही, ते उपचार मध्येच सोडून देतात. पुढे असंही लिहिलंयस की सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी भीतीचा आकडा कमीच सांगितला होता. आणि मग तुझं ते वाक्य, "याचे कारण स्पष्ट नाही, अधिक अभ्यासाची गरज आहे."

अभ्यास राहू दे. कारण मी सांगते.

आमच्या इथे मशीनच्या खोलीबाहेर बाकं आहेत. आत जाण्याआधी एक मुलगी येऊन प्रत्येकाला विचारते, "आज भीती किती? एक ते दहा." तुम्हीच कुणीतरी तिला हे शिकवलं असणार. आकडा पाच किंवा त्याच्या वर गेला की पेशंटला समुपदेशक बाईंच्या खोलीत पाठवतात. बाई भल्या आहेत, पण त्यांच्या दाराशीही रांग असते. तिथून सुटून येईपर्यंत मशीनवरचा तुमचा नंबर गेलेला असतो आणि मग सगळ्यात शेवटी बसायचं. पहिल्याच दिवशी शेजारचे काका माझ्या कानाशी लागले. जन्मभर बस चालवलेला माणूस, सगळे त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणतात. म्हणाले, "बाई, चारच्या पुढे जाऊ नका. पाच म्हणालात की गाडी डेपोत."

"आणि एक म्हटलं तर?"

"एक म्हटलं तर त्यांना संशय येतो. तीन म्हणा. तीन एकदम सभ्य आकडा आहे."

तेव्हापासून बाकावरचे आम्ही सगळे तीन. टक्कल पडलेली शिक्षिका तीन, काठी घेऊन येणारे आजोबा तीन, मी तीन. आजोबांचे हात थरथरत असतात आणि ते खणखणीत आवाजात "तीन!" म्हणतात. आम्ही हसतो. तुझ्या लेखातले ते कमी आकडे असे जन्माला येतात, ताई. आणि मला त्याची इतकी सवय लागली की तुलाही तेच सांगत राहिले. मी पाचच्या वर गेले असते तर तू काय केलं असतंस? तूही मला कुणाकडे तरी पाठवलंच असतंस.

थांब. गिऱ्हाईक आलंय.

आले. कोट होता, अस्तर बदलून हवंय. बाईंना सांगितलं, काखेत थोडा लूज ठेवते, नाहीतर हात वर करता येणार नाही. आणि मला एकदम मास्क आठवला.

त्या मास्कबद्दल तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला माहीत असणारच, पण तू तो बाहेरून पाहिलेला आहेस. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढतात, ती खांद्यापर्यंत बसते आणि थंड होऊन घट्ट होते. मग रोज तीच जाळी चेहऱ्यावर चढवून दोन्ही बाजूंनी टेबलाला खटके लावतात. डोकं हलता कामा नये म्हणून. इतकं मापात बसणारं मी आजवर काहीही शिवलेलं नाही. कपडा कितीही अंगाबरोबर हवा असला तरी श्वास घ्यायला लूज सोडायचा असतो, हे मी शिकायला आलेल्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. इथे लूज नाही. तोंडात एक तुकडा धरायला देतात, त्यामुळे बोलता येत नाही. सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि मग छतातून आवाज येतो, "हलू नका हां."

तिथे मी बरेच दिवस रोज पडून राहिले, दात आवळून. मग एक दिवस मशीन मध्येच थांबलं. छतातून आवाज आला, "एक मिनिट हां, बारीकशी अडचण आहे." ते मिनिट काही संपेना. मला खोकला येईल असं वाटलं, मग खोकला येऊन गुदमरेन असं वाटलं, मग आपण इथेच विसरले जाऊ असं वाटलं. मी हात हलवला. मशीन चालवणारी मुलगी धावत आली, खटके काढले. "घाबरलात का?" मी म्हटलं, "छे, घसा खाजला."

ताई, मघाशी वर मी लिहिलंय की घरातून निघते आणि परत येते. ते परत वाच. मध्ये काय होतं ते लिहिलेलं नाही.

मध्ये मी हॉस्पिटलसमोरच्या कँटीनमध्ये बसते. चहा मागवते, गिळवत नाही म्हणून तसाच ठेवते. त्या दिवसानंतर मी मशीनकडे गेलेलीच नाही. तिकडून फोन आला तर ताप आहे असं सांगते. नवरोबाला काही माहीत नाही. दारात तो "झालं?" विचारतो आणि मी मान हलवते, आणि त्याचा चेहरा इतका सैल पडतो की मला त्याचाही राग येतो. कुणीतरी पकडावं ना मला!

काल ड्रायव्हरकाकांनी पकडलं. त्यांचं आटोपून ते बाहेर येत होते, काचेतून मी दिसले. येऊन समोर बसले.

"काय बाई, मशीन बंद आहे का?"

"मशीन चालू आहे. मी बंद आहे."

त्यांनी माझा गार चहा स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "मीही पळालो होतो. आठवडाभर बागेत बसून आलो. मग लेकीला कळलं. आता ती येते बरोबर. काचेपलीकडे उभी राहून माइकवरून मला शिव्या घालते. तिला गाडी शिकवताना मी घालायचो ना, त्याच सगळ्या. 'बाबा, समोर बघा! बाबा, आरशात कोण बघणार?' हसू आवरता आवरता मशीन संपतं."

"चालतं असं?"

"विचारलं तर चालतं. न विचारता तीन म्हणत बसलात तर कसं चालेल?"

"मला तीन कुणी शिकवलं, काका?"

"चुकलं माझं," ते म्हणाले आणि माझा चहा पिऊन टाकला.

मग मी उठून मशीनवाल्या मुलीकडे गेले. आत नाही, तिच्या टेबलापर्यंतच. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "सोमवारी या. आणखी लांबलं तर डॉक्टरांना सगळं नव्याने आखावं लागेल, आणि गेलेले दिवस भरून काढणं अवघड होत जातं." म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तुझ्या लेखात आहे ते.

काल घरी येताना मला आपल्या जुन्या घराचा जिना आठवत होता. मी कठड्याच्या गजांत डोकं अडकवून घेतलं होतं ते तुला आठवतं? आई तेल शोधत होती, बाबा सुताराला आणायला गेले होते, वरचे खालचे सगळे जमून सल्ले देत होते. तू खालच्या पायरीवर, माझ्या तोंडासमोर येऊन बसलीस. भीती किती वाटते म्हणून विचारलं नाहीस. तुझ्या गणिताच्या बाईंची नक्कल करायला लागलीस, नाकातून बोलत. "ही मुलगी गजाच्या कोणत्या बाजूला आहे? उत्तर कोनमापकाने काढा." सुतार येईपर्यंत तुझी नक्कल चालूच होती. मी रडायचीच विसरले.

त्या ताईला मी गेले कित्येक महिने फोन लावतेय, आणि उचलते संशोधक.

तू श्वासाच्या व्यायामाची ध्वनिफीत पाठवलीस, जड गोधडी पाठवलीस, तीन लेख पाठवलेस. स्वतःला तेवढं पाठवलं नाहीस. निदान झालं तेव्हा आली होतीस, तर सगळा वेळ डॉक्टरांशी बोलत होतीस. माझ्या गळ्याकडे तू एकदाही पाहिलं नाहीस, ताई. मी गळपट्टा मुद्दाम काढून ठेवला होता. तू खिडकीकडे बघत मला गाठीचे प्रकार समजावून सांगत होतीस आणि तुझ्या हातातलं पेन सारखं उघडझाप करत होतं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्यांना आकडा विचारणाऱ्या बाईला तिचा आकडा कोण विचारतं?

सोमवारी तुझं परिषदेत भाषण आहे. भिंत म्हणजे कालनिर्णय असल्यासारखं नवरोबाने ते तिच्यावर लिहून ठेवलंय. विषयही लिहिलाय, उपचार मध्येच सोडणारे पेशंट. मी तो रोज जेवताना वाचते. तुझं दोन वर्षांचं काम आहे, आणि तिथे तू नसलीस तर ते दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल, हे मला समजतं. मी समजूतदार आहे. तीन आकडा सांगणारी सगळी माणसं समजूतदारच असतात.

पण मला समजूतदारपणाचा कंटाळा आलाय. ये. सोमवारी सकाळी ये. काचेपलीकडे माइक आहे, मी त्या मुलीला विचारून ठेवलंय. आकडे विचारायचे नाहीत, श्वास कसा घ्यायचा ते सांगायचं नाही. नाकातून बोल. बाईंची नक्कल येत नसली आता, तर मला ओरड. एवढं खोटं बोलले, ओरडायला तुला भरपूर आहे.

कुरियरवाला उद्या सकाळी तुझ्या दारात असेल. नवरोबाला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. यापुढे त्याने दारात "झालं?" विचारलं की उगाच मान हलवणार नाही.

वाचून झाल्यावर फोन कर, पण "कशी आहेस" म्हणू नकोस. गाडी किती वाजता पोचते तेवढं सांग. आणि तुझा आकडा सांग, खरा. माझा मी खाली सहीशेजारी लिहितेय. तो पहिल्या दिवसापासून तेवढाच होता.

तुझी बारकी,
नऊ