ताफ्यातलं नाव

जळगाव जामोद
१२ ऑगस्ट, मंगळवार

माझी तारका वारल्यावर जावयाने दुसरं लग्न केलं, तेव्हा मीच पुढे होऊन आशीर्वाद दिला होता. त्याने तरी एकट्याने किती दिवस काढायचे? पण आज शेजारच्या शमीमबी म्हणाल्या, "काऊन ताई, जवाईबुवानं आता झालेल्या पोरीचं नाव तारकाच ठेवलं म्हन्ते! तुम्हाले नाई सांगतलं?"

नाही सांगितलं. अख्ख्या गल्लीला माहीत, मलाच नाही.

फोन केला. तो नौदलात, त्यामुळे उत्तरही तिथलंच. "आई, जहाज मोडीत निघालं तरी आम्ही त्याचं नाव मरू देत नाही. नवं आलं की त्याला तेच देतो. आताच्या ताफ्यात अशी कितीतरी जुनी नावं आहेत."

मोडीत? माझी मुलगी?

मिशनच्या शाळेत सिस्टर समुद्रावरच्या ताऱ्याची प्रार्थना म्हणवून घ्यायच्या. मी समुद्र पाहिलेलाही नव्हता, तरी त्यावरूनच हे नाव ठेवलं. ते माझं होतं. त्याने मागितलं असतं तर दिलंही असतं. दिलं असतं का? कोण जाणे. पण विचारायचं तरी! नाव असं न विचारता उचलून नेतात का?

हे सगळं त्याला सुनावणारच होते, तेवढ्यात फोनमागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "तारका, उठली का वं बाई?"

आणि मी वेडी आमच्या आतल्या खोलीच्या दाराकडे पाहू लागले.