चौदावं पान

प्रिय लेकी,

माझं अक्षर बघून हसू नकोस. तिसरीतून उठवलेल्या बाईचं आहे, आणि इस्त्री धरून धरून बोटंही वाकडी झालीत. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. कागदाला ती सोय नाही.

तुझी भिंगरी बरी आहे. खोकला गेला. पुढचा दात पडला, तो तुला दाखवायचा म्हणून काडेपेटीत जपून ठेवलाय. माझं काय, हॉस्पिटलच्या चादरी काही संपत नाहीत. शुक्रवारी अर्धी रजा मागितली तर मुकादमाने तोंड असं केलं, जसं काही मी त्याच्याच अंगावरची चादर ओढली.

रजा कशाला ते तुला माहीत आहे. शाळेत पुस्तकांचा आठवडा होता. वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली, पण पोरांनी काय सजवली होती! दोरीवर चिमटे लावून पुस्तकं टांगली होती, वाळत घातल्यासारखी. मला तर कामावर आल्यासारखंच वाटलं. मधोमध एक खुर्ची, तिच्या पाठीवर चिठ्ठी, ‘आजची आई’. पोराने पान निवडायचं आणि आईने त्या खुर्चीत बसून ते सगळ्यांना वाचून दाखवायचं.

भिंगरीने चौदावं पान निवडलं. हत्ती शिंकतो आणि गावभरचे वाळत घातलेले कपडे उडतात, ते. आठ दिवस घरात तेच. मी भाजी चिरतेय आणि ही माझ्या कानाशी वाचतेय. आईला इथे जोरात शिंकायला सांगायचं हं आजी, इथे हळू. तू दहा वाजता येणार होतीस. बाईंनी तिचा नंबर तीनदा मागे ढकलला. अकराला तुझा मेसेज आला, अडकले, पुढच्या वेळी नक्की. तेवढं मला वाचता येतं. बाई म्हणाल्या, मी वाचू का गं तुझं पान? भिंगरी मान वर करेना. मग मीच जाऊन बसले.

पुस्तक उघडलं आणि धडाधड म्हणून टाकलं. वाचते कसली, पाठच झालं होतं. वर ऐटीत ओळींवरून बोट फिरवत होते. शिंकलेसुद्धा. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला वाटलं शिंकेला हसतात, म्हणून आणखी एकदा शिंकले. तेवढ्यात पुढ्यातलं एक कार्टं ओरडलं, अहो आजी, या चित्रात तर हत्ती झोपलाय! मी नववं पान उघडून बसले होते. कान तापले माझे. भिंगरी उठली. चिडली नाही, काही नाही. चौदावं पान काढून दिलं आणि माझं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं. मग मी खरंच वाचलं. एकेक अक्षर लावत, अडखळत. कुणी हसलं नाही.

तू म्हणशील, तू तरी कुठे माझ्या शाळेत आलीस? नाही आले. एकदाही नाही. काम आहे म्हणायचे. काम नव्हतं गं. कुणी हातात कागद देऊन वाचा म्हणेल, याची धास्ती होती. तू फाटकाशी वाट बघत उभी असायचीस, शेजारीण येऊन सांगायची, तरी आले नाही. पण तुला तर वाचता येतं. तुला कसली धास्ती?

आता लिहायला का बसले ते सांगते. सोबत एक कार्ड आहे. भिंगरीने आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, ‘आई, तू आलीस आणि छान वाचलंस.’ घरी आल्यावर मला म्हणाली, आई खोडून आजी लिहू का? मी म्हटलं, दुसऱ्याचं मला नको. तर तिने माझ्यासाठी नवीन कार्ड केलं आणि हे चोळामोळा करून रद्दीत टाकलं. मी काढून त्यावर इस्त्री फिरवली. घड्या काही जात नाहीत. टाकायचंच असेल तर तू टाक, नाव तुझं आहे. आणि आता तारीख कळवू नकोस, न सांगता ये. काडेपेटी अजून खिडकीत आहे. तीही रद्दीत जायच्या आत ये.

तुझीच,
तुझ्या शाळेत कधी न आलेली आई