वेदीवरची सिगारेट

युसेबियो,

तू मेलास, सुटलास. तुझ्या नातीनं मात्र माझा जीव खाल्लाय.

वीस वर्षांची घोडी यारेत्झी गळ्यात गुलाबी नळी अडकवून फिरते आणि आंब्याच्या वासाची वाफ ओढते. "कुणी शिकवलं गं हे?" म्हटलं, तर मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जाहिरातीत तिच्याच वयाची देखणी पोरं नाचत होती, तोंडातून ढग सोडत होती. खोकत मात्र एकही नव्हतं.

"बघ आजी, ही व्हेप आहे, यात धूरच नाही. सगळे हेच घेतात."

"त्या नाच्यांना पैसे मिळतात, बये. तुला खोकला मिळालाय."

खरंच खोकते रे ती. भिंतीपलीकडून ऐकते मी. अगदी तुझ्यासारखी.

काल मृतांच्या दिवसासाठी, तुम्ही मेलेले घरी जेवायला येता त्या दिवसासाठी, तुझी वेदी मांडली. झेंडू, पाव, तुझा फोटो आणि दरवर्षीसारखं तुझं सिगारेटचं पाकीट. एक पेटवून ठेवली, तर कार्टी म्हणाली, "जिनं आजोबांना नेलं तिलाच तू फुलांत सजवतेस. आणि मला सांगतेस, जाहिरातीला भुलू नकोस!"

मी सिगारेट विझवली, पाकीट चुलीत घातलं आणि हात पुढे केला. "आण आता तुझी नळी."

अजून दिलेली नाही. पण पाकीट जळताना बघत उभी राहिली.

तेव्हा उद्या येशील तर तामाले खा, मेस्कल पी, सिगारेट मागू नकोस. रुसून परत गेलास तरी चालेल. मला पोरगी इतक्यात तुझ्याकडे पाठवायची नाहीये.

तू मेल्यावरही तुझ्याशी भांडणारी,
तोमासा